हे वाक्य ते कधी, कुठे, कुणासमोर बोलले? उमेदवाराच्या चारित्र्यावर प्रश्न विचारू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली गोष्ट. मी तेव्हा तालुका वार्ताहर होतो. एका बाई उमेदवाराच्या नावावर एक वाक्य वाडीवाडीत फिरत होतं, ‘पाणी पाहिजे तर आधी मत द्या.’ मला ते तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. तीन जण सांगतात म्हणजे खरंच असणार, असं धरून मी ते बातमीत घातलं. बातमी आली त्या दुपारी त्या बाई माझ्या घरी आल्या. आवाज चढवला नाही. हातात ग्रामसभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स होती. तिच्यात त्यांची तक्रार नोंदवलेली होती, की पाणी सोडणारी माणसं ‘पाणी पाहिजे तर आधी मत द्या’ असं म्हणतात. वाक्य त्यांच्याच तोंडचं होतं, पण शेवटचं ‘असं म्हणतात’ वाटेत कुठेतरी गळलं होतं. मला सांगणारे तिघंही रोज सकाळी एकाच टपरीवर चहा घेणारे निघाले. म्हणजे माझ्याकडे साक्षीदार तीन नव्हतेच, एकच होता. खुलासा छापून आला तोवर मतदान होऊन गेलं होतं.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवतो. ज्या मुलामुलींना गावात, कॉलेजात किंवा छोट्याशा यूट्यूब चॅनेलवर उमेदवारांना प्रश्न विचारायचे असतात, त्यांना ती वही कशी ठेवायची ते सांगतो. तेच इथे लिहितोय. उमेदवाराच्या चारित्र्यावर प्रश्न विचारणं हा मतदाराचा हक्कच आहे. फक्त त्या प्रश्नामागे कागद हवा, नाहीतर ती नुसती कुजबुज.

आधी ठरवा, प्रश्न कशाबद्दल आहे

वहीच्या पहिल्या पानावर चार कप्पे करा: पैसा, खटले, दिलेला शब्द आणि पदावर असतानाची वागणूक. तुमचा प्रश्न यातल्या एकातही बसत नसेल तर तो बहुधा खासगी आयुष्याबद्दलचा आहे. कोण कुणाशी बोलते, कुणाचं लग्न का मोडलं, कोण रात्री उशिरा घरी येते. हे विचारू नका. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेतही पक्षांना आणि उमेदवारांना हेच बजावलेलं आहे. टीका धोरणं, कार्यक्रम, आधीची कामगिरी आणि काम यांच्यापुरती असावी. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी गोष्टी काढू नयेत. खात्री न केलेले आरोप आणि विपर्यास टाळावा.

हे मी कळकळीने सांगतोय, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्याकडे पुरुष उमेदवाराचं ‘चारित्र्य’ म्हटलं की ठेके आणि जमिनी निघतात. बाईचं म्हटलं की तिचं घराबाहेर पडणं निघतं. हा फरक तुमच्या प्रश्नात उतरू देऊ नका. नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर पंचायतीचा ठेका असेल तर ती बाब सार्वजनिक आहे, जरूर विचारा. तिने कुठली साडी नेसली होती, ही सार्वजनिक बाब नाही.

शपथपत्र काढा आणि पूर्ण वाचा

लोकसभा आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. हे आपोआप मिळालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये निकाल दिले, तेव्हा उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य झाला. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कॅंडिडेट’ या ॲपवर फुकट दिसतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावरही लावलेलं असतं. विधानसभेसाठी हे काम बहुतेक ठिकाणी प्रांत कार्यालयात चालतं. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथेही उमेदवार शपथपत्र देतात, ते तहसीलदारांकडे किंवा त्या त्या निवडणूक अधिकाऱ्याकडे बघायला मागा.

शपथपत्रात काय बघाल? आयकर विवरणपत्रातलं पाच वर्षांचं उत्पन्न असतं, स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचंही. जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, कर्जं, सरकारी थकबाकी, व्यवसाय, सरकारशी असलेले करार, शिक्षण, प्रलंबित खटले, झालेली शिक्षा. एकही रकाना कोरा सोडायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलेलं आहे. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावं लागतं. खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

उमेदवार आधीही उभा राहिला असेल तर दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवा. मी उजव्या पानावर नवे आकडे लिहितो, डाव्या पानावर जुने. मालमत्ता वाढली म्हणजे लगेच चोरी ठरत नाही. हायवेलगतच्या जमिनीचा बाजारभाव पाच वर्षांत चढला असेल, वडिलांच्या पश्चात वाटणी झाली असेल. म्हणून ‘एवढे पैसे कुठून आणलेत’ असं विचारू नका. ‘मागच्या शपथपत्रात नसलेली ही जमीन खरेदीची की वारसाहक्काची?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला संताप मिळतो, दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

कोकणातल्या सातबाऱ्याची एक गोम आहे. इथल्या जमिनी सामाईक असतात. एका गटावर तीस-चाळीस नावं, त्यातले अर्धे मुंबईत, काही वारलेले, वारसनोंदी राहिलेल्या. उमेदवाराचं नाव दहा एकरांच्या उताऱ्यावर दिसलं म्हणजे दहा एकर त्याचे झाले नाहीत. हिस्सा बघा, कुळाचा शेरा बघा, इतर हक्कांचा रकाना बघा. विनास्वाक्षरीचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. तो समजत नसेल तर गावातल्या एखाद्या निवृत्त तलाठ्याकडे जाऊन बसा.

खटला कुणाचा आणि कुठल्या टप्प्यावर

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त चुकतात. पहिली चूक नावाची. आमच्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एकच असतं, आजोबाचं नाव नातवाला ठेवलेलं असतं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधलंत तर त्याच नावाचे चार जण सापडतील. शपथपत्रातला खटला क्रमांक, न्यायालय आणि पोलीस ठाणं जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मिळाला की घोटाळा होत नाही.

दुसरी चूक टप्प्याची. गुन्हा नोंदला, आरोपपत्र दाखल झालं, आरोप निश्चित झाले, शिक्षा झाली, या चार अगदी निराळ्या गोष्टी आहेत. बोलताना मात्र सगळ्यांना ‘केस आहे त्याच्यावर’ एवढंच म्हटलं जातं. वहीत टप्पा लिहाच. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की माणूस अपात्र ठरतो आणि सुटकेनंतर सहा वर्षं अपात्रच राहतो. गुन्हा नुसता नोंदवलेला असेल तर तसं होत नाही.

तिसरं, कलम वाचा. एन्रॉन, जैतापूर, नाणार, बारसू, मुंबई-गोवा महामार्ग. गेल्या तीस वर्षांत इथे आंदोलनं कमी झालेली नाहीत. रस्त्यावर बसलेल्या माणसावर बेकायदा जमावाचं (भारतीय दंड विधानाचं १४३) आणि मनाई आदेश मोडल्याचं (१८८) कलम लागलेलं असणं साहजिक आहे. फसवणुकीचं ४२० किंवा स्त्रीवरच्या अत्याचाराचं कलम त्याच मापाने मोजता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे नव्या गुन्ह्यांत १४३ च्या जागी १८९, १८८ च्या जागी २२३ आणि ४२० च्या जागी ३१८ दिसेल. ‘याच्यावर सात गुन्हे, त्याच्यावर एक’ अशी तुलना छापू नका. सातही गुन्हे महामार्गाच्या खड्ड्यांसाठी बसलेल्या माणसाचे असतील आणि तो एक गुन्हा पतसंस्थेतल्या ठेवींचा असेल.

ज्यांच्यावर खटले आहेत त्यांनी अर्ज मागे घेण्याच्या मुदतीनंतर तीनदा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तशी जाहिरात द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाचा हा आदेश २०१८ चा. अशाच उमेदवाराला का निवडलं, ते पक्षानेही जाहीर करायचं, हा २०२० चा. जाहिरात बारीक अक्षरात आतल्या पानावर असते. पान हाती आलं की कापून ठेवा.

आता वाक्य

उमेदवाराच्या फोटोखाली रंगीत चौकटीत एक वाक्य, वर कुठल्यातरी वाहिनीचं चिन्ह. असं कार्ड सकाळी गावच्या ग्रुपवर पडतं. पुष्कळदा ते मुंबईहून येतं, मंडळाच्या ग्रुपवरून चाकरमान्याने ढकललेलं. ते आलं की वहीच्या कोऱ्या पानावर ते वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि खाली तीन शब्द लिहा: कधी, कुठे, कुणासमोर.

वाक्य खरं असलं की त्याला जन्मठिकाण असतं. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं म्हणून सगळ्यांना पाठ आहे. ते शोधायला गेलात तर जुलै १८९७ च्या ‘केसरी’चा अग्रलेख सापडतो, कुणीही उघडून बघावा. उलट ज्या वाक्याखाली नुसतं ‘एका सभेत म्हणाले’ असतं त्याचं पान मी अर्धवटच ठेवतो.

शोध असा घ्या. कार्ड पाठवणाऱ्याला खासगीत विचारा, ‘दादा, हे तुम्हांला कुणी पाठवलं?’ ग्रुपवर विचारू नका, माणूस अडून बसतो. दोन-तीन पायऱ्या मागे गेलात की बहुधा एखादा प्रचारक किंवा नुसतंच पेज सापडतं. मग त्या वाहिनीच्या किंवा वर्तमानपत्राच्या अधिकृत पानावर त्या तारखेचं वाक्य आहे का बघा. नसेल तर कार्यालयात फोन करा. चिन्ह चोरून बनवलेलं कार्ड त्यांना स्वतःलाच नको असतं. कात्रण असेल तर ई-पेपरमध्ये ते पान काढा आणि अक्षरांचं वळण, स्तंभाची रुंदी, शेजारची बातमी जुळते का पाहा. फोटो गुगल लेन्सवर टाकलात तर तो कुठल्या जुन्या कार्यक्रमातला आहे ते पुष्कळदा कळतं.

क्लिप असेल तर पूर्ण भाषण मिळवा. हल्ली प्रत्येक सभा कुणीतरी फेसबुकवर लाइव्ह केलेली असते. वाक्याच्या आधीची दोन मिनिटं आणि नंतरची दोन मिनिटं ऐकल्याशिवाय अर्थ लावू नका. आवाज आणि ओठ जुळत नसतील, चेहरा मधेच पुसट होत असेल तर क्लिप बनावट असू शकते. अशी बनावट सामग्री लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी तीन तासांत काढावी, असं निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये बजावलं होतं.

सभागृहातल्या भाषणांचं काम सोपं असतं. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून मधू दंडवते लोकसभेत गेले. दोघांच्या नावावर इकडे आजही कितीतरी वाक्यं सांगितली जातात. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात सभागृहातली भाषणं तारखेसह वाचता येतात, तिथे नसलेलं वाक्य ‘लोकसभेत म्हणाले होते’ असं सांगू नये. आमदाराचं बोलणं विधिमंडळाच्या कामकाजात शोधा, नगरसेवकाचं सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात, सरपंचाचं ग्रामसभेच्या. इतिवृत्त मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून हा अर्ज निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी टाकायचा.

जुनी वर्तमानपत्रं अजूनही वाचनालयांत आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. पण सगळं कायम राहील असं धरू नका. २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूणमधल्या वाचनालयाच्या ग्रंथसंपदेला केवढा फटका दिला, ते आम्ही पाहिलंय. कात्रण दिसलं की वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक दिसेल असा फोटो काढून घ्या.

मालवणीचं वाक्य मालवणीतच ठेवा

याकडे बाहेरून आलेले पत्रकार लक्ष देत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्याकडे प्रचार मोठ्या मैदानापेक्षा खळा बैठकीत जास्त होतो. सारवलेलं खळं म्हणजे घरापुढचं अंगण, वीस-पंचवीस माणसं, चहा, आणि उमेदवार मालवणीत बोलतो. समजा मच्छीमारांच्या वाडीत तो म्हणाला, ‘तुमी होड्यो इका आणि मुंबैक जावा, असा सांगूक मी इलंय काय?’ म्हणजे, तुम्ही होड्या विका आणि मुंबईला जा, असं सांगायला मी आलोय का? क्लिप ‘जावा’पाशी कापली की माणूस होड्या विकायला सांगतोय असं वाटतं. आणि कुणी न कापताच प्रमाण मराठीत लिहिलं, ‘होड्या विकून मुंबईला जाण्याबाबत उमेदवाराचं वक्तव्य’, तरी तेवढंच नुकसान. वाक्याचा जीव शेवटच्या ‘काय?’मध्ये होता.

तसंच ‘मेल्या’चं. मालवणीत मित्र मित्राला मायेने ‘मेल्या’ म्हणतो. पुण्यातल्या प्रेक्षकाला ती शिवी वाटते आणि बातमी होते, ‘उमेदवाराने कार्यकर्त्याला शिवीगाळ केली’. पण प्रत्येक वेळी ते मायेनेच असतं असंही नाही. कुणाला उद्देशून म्हटलं, समोरचा हसला की गप्प झाला, ते बघा. सभेतल्या अधिकाऱ्याला किंवा अनोळखी बाईला असं बोललेलं असेल तर ‘आमची बोलीच तशी’ हे उत्तर मला पटत नाही. वहीत मूळ बोलीतलं वाक्य आधी लिहा, त्याखाली अर्थ, आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघांना विचारून तो तपासा. ते दोघे एकाच टपरीवरचे नकोत.

आणखी एक. ग्रामदेवतेसमोर नारळावर हात ठेवून मतांची शपथ घ्यायला लावतात, ‘दिलेला शब्द मोडलास तर देव बघून घेईल’ असं सांगतात. तसं प्रत्यक्ष पाहिलंत तर हाच चारित्र्याचा प्रश्न आहे. देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे. मात्र गाऱ्हाणं घालताना, म्हणजे देवापुढे मागणं मागताना, कुणी उमेदवाराच्या यशासाठी प्रार्थना केली तर ती धमकी नाही. दोन्हींची सरमिसळ करू नका.

समोर उभं राहून विचारा

कागद जुळला की आधी उमेदवाराला विचारा, मग गावाला सांगा. हा क्रम उलटा करायचा नाही. बैठकीत उठून उभं राहा, नाव आणि वाडी सांगा, आणि एकच प्रश्न विचारा. ‘भाऊ, अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात तुमचं हे म्हणणं नोंदलंय. आज तुमच्या पत्रकात याच्या उलट लिहिलंय. यातलं कुठलं धरायचं?’ हातात प्रत ठेवा आणि मागितली तर द्या. ‘लोक म्हणतात’ या शब्दांनी प्रश्नाची सुरुवात कधी करू नका. उमेदवार वयाने मोठे असतील तर तुमच्या आवाजातला मान सुटू देऊ नका. मान ठेवला की प्रश्न हलका होतो असं नव्हे, उलट बाकीचे बसलेले ऐकून घेतात.

बैठकीत उत्तर मिळालं नाही तर लेखी प्रश्न द्या, पोच घ्या आणि दोन दिवस थांबा. उत्तर आलं तर ते पूर्ण आणि तुमच्या प्रश्नाएवढ्याच जागेत द्या. ‘मी असं बोललोच नाही’ हेही उत्तर आहे, ते तसंच छापा आणि शेजारी तुमचा पुरावा ठेवा.

सांगण्याआधी कायदा

उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान खोटं असल्याचं माहीत असून किंवा ते खरं आहे असं वाटत नसताना पसरवलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ नुसार दंड होतो. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी तसं केलं तर तो लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खालचा भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. न्याय संहितेतलं अब्रुनुकसानीचं कलम ३५६ वेगळंच, दोन वर्षांपर्यंतची कैद आहे त्याला. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ एवढं सांगून सुटका होईल, या भरवशावर राहू नका.

रात्री दारात टाकलेलं निनावी पत्रक उचललंत तर तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का बघा. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार ते बंधनकारक आहे. नसेल तर मजकूर वाचून दाखवत फिरू नका. पत्रकाचा फोटो काढा, कुठे आणि किती वाजता सापडलं ते लिहा आणि निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर तक्रार करा. शंभर मिनिटांत कारवाई व्हावी अशी त्या ॲपची रचना आहे. मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत हाती आलेल्या कुठल्याही नव्या वाक्याबद्दल मी स्वतः काहीच लिहित नाही. समोरच्याला खुलाशाला वेळच उरलेला नसतो.

माझ्या वहीतलं एक पान कसं दिसतं ते सांगून थांबतो. वर वाक्य, मूळ बोलीत. त्याखाली तारीख, खळं कुणाचं, किती माणसं होती. मग ‘स्वतः ऐकलं’, ‘पूर्ण क्लिप पाहिली’, ‘इतिवृत्त’ किंवा ‘ऐकीव’ यांपैकी एक शेरा. मग उमेदवाराचं उत्तर, त्यांच्याच शब्दांत. शेवटी एक रिकामी ओळ. मतमोजणी झाल्यावर ती वही बंद करत नाही. निवडून आलेल्यांचं पान २६ जानेवारीच्या ग्रामसभेला, मग १ मेच्या, मग १५ ऑगस्टच्या सभेला सोबत नेतो आणि त्या रिकाम्या ओळीत पुढे काय झालं ते लिहितो. पाण्याच्या वाक्याची झेरॉक्स त्या बाईंनी परत नेली नाही. ती अजून माझ्या पहिल्या वहीत आहे, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी ती वाचायला देतो.